ढाक, ससे आणि सलाईनची बॅच

तिसऱ्या सशालाही ताप चढला तेव्हा मी थर्मामीटर पुसून पुन्हा लावून बघितला. तिघांनाही कानाच्या शिरेतून आमच्या कारखान्याचं सलाईन टोचलं होतं. तिघांचंही अंग तापलं, म्हणजे बॅच फेल. आणि ही टेस्ट मी पहिल्यांदाच एकटीने केली होती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, कलकत्त्याची. वडील रेल्वेत होते, आम्ही गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बी.फार्म.ची परीक्षा आटोपून मी पूर्व कलकत्त्यातल्या एका लहान औषध कारखान्यात ट्रेनिंग घेत होते. काम पसंत पडलं तर क्वालिटी कंट्रोलमध्ये कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. त्यामुळे मी जरा जास्तच जपून वागत होते.

सशांना सलाईन कशाला द्यायचं, असं लोक अजूनही विचारतात. सलाईन निर्जंतुक करताना जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष पाण्यात राहू शकतात. ते दिसत नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. रक्तात गेले की पेशंटला हुडहुडी भरते, ताप फणफणतो. त्यांना पायरोजेन म्हणतात. ते ओळखायला त्या काळी ससा हाच उपाय होता, कारण सशालाही त्यांनी माणसासारखाच ताप येतो. सलाईन टोचायचं आणि पुढचे तीन तास थर्मामीटरकडे बघत बसायचं.

मी क्वालिटी कंट्रोलच्या सेनगुप्त साहेबांकडे गेले. तिथे प्रॉडक्शनचे मुखर्जीबाबू आधीच येऊन बसले होते. ती दुर्गापूजेची पंचमी होती. षष्ठीला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी दुपारी, कारखाना पूजेसाठी बंद व्हायचा आणि त्याआधी ही बॅच एका सरकारी हॉस्पिटलला जायची होती. त्या वर्षी शहरात पूर आला होता, तो ओसरल्यावर तिथे जुलाबाच्या पेशंटांनी वॉर्ड भरून गेले होते आणि सलाईनचा साठा तळाला गेला होता.

"फेल?" मुखर्जीबाबू म्हणाले. "अशक्य. पाणी मी स्वतः चेक केलंय. या मुलीने ससे नीट धरले नसतील."

"नीट धरले होते, सर."

"मग सिरिंज भट्टीत नीट भाजल्या नसतील, पायरोजेन त्यांच्यातूनच गेले असतील."

"त्याही भाजल्या होत्या."

सेनगुप्त साहेब कमी बोलायचे. ते एवढंच म्हणाले, "नियमाप्रमाणे दुसऱ्या सशांवर आणखी एकदा टेस्ट करता येते. उद्या सकाळी करा. तीही फेल गेली तर माल फेकायचा." माझं कायम होणंही त्या टेस्टवरच अडकलं होतं.

मी सशांच्या खोलीत परत आले. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे ढाक वाजत होता. ढाक म्हणजे बंगाल्यांचा गळ्यात अडकवायचा मोठा ढोल. दुर्गापूजेत तो सुरू झाला की बंगाली माणूस सगळं विसरतो. त्या वर्षी मोठ्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं, म्हणून पाड्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, मंडप गल्लीत सरकून आमच्या भिंतीला टेकला होता. ढाकी, म्हणजे ढाक वाजवणारे, सकाळीच गावाहून आले होते. आमचा सगळा स्टाफ त्यामुळे खुशीत होता.

पिंजऱ्यातले ससे मात्र मागचे पाय आपटत होते. धप, धप. आधी मला वाटलं, हेही तालावर आलेत. क्षणभर हसूसुद्धा आलं. मग आठवलं, ससा पाय आपटतो तो घाबरल्यावर, इतर सशांना सावध करायला. आणि घाबरलेल्या सशाचं अंग तापतं. खोली शांत हवी, हे तर आमच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर होतं. कारखान्यातही सगळ्यांना माहीत होतं. तिथे कुणी जोरात दारसुद्धा लावत नसे. फक्त ढाक हा आवाज आहे असं कलकत्त्यात कुणाच्याच मनात आलं नव्हतं. इतकी वर्षं तिथे राहून माझ्याही आलं नाही.

मी काहीही न टोचता दोन सशांना थर्मामीटर लावले. ढाक मधेच थांबला तेवढा वेळ पारा स्थिर राहिला. पुन्हा सुरू झाला आणि पारा हळूहळू वर गेला. मी जवळजवळ पळतच ऑफिसात गेले.

मुखर्जीबाबूंनी टेबलावर थाप मारली. "झालं तर! दोष ढाकचा. रिपोर्ट पास लिहा आणि ट्रक सोडा. हॉस्पिटलवाले वाट बघतायत."

ते खोटं बोलत नव्हते. पेशंट खरोखरच वाट बघत होते. मला वाटलं, सेनगुप्त साहेब हो म्हणतील. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मिस केळकर, तुमचं मत?"

कायम होण्याचा कागद मुखर्जीबाबूंच्याही सहीने निघणार होता. "सर, टेस्ट चुकली एवढंच कळलंय," मी म्हणाले. "सलाईन चांगलं आहे हे अजून कळलेलं नाही."

मुखर्जीबाबू उठून गेले. "ढाक बंद करून दाखवा मग," जाता जाता म्हणाले. "षष्ठीला. कलकत्त्यात."

ससे दुसरीकडे नेणं शक्य नव्हतं, नव्या जागी तर ते आणखी बिथरतात. सेनगुप्त साहेबांनी मला मंडपात पाठवलं. पूजा कमिटीचे सेक्रेटरी पोल्टूदा लुंगी खोचून दिव्यांच्या माळा लावून घेत होते. मी माझ्या मोडक्या बंगालीत सांगितलं की उद्या सकाळी आठ ते बारा ढाक नको, माइक नको. सशांना ताप येतो.

पोल्टूदांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दीदी, दुर्गा आई घरी येणार त्या दिवशी आम्ही गप्प बसायचं? सशांसाठी?"

"देवीला जागवायचं ते बोधन तर संध्याकाळी आहे ना, दादा? सकाळपुरतंच मागतेय. आणि सशांसाठी नाही, हॉस्पिटलसाठी."

"मला ते ससे दाखवा."

मी त्यांना आत आणलं. ढाक जोरात चालू होता आणि पिंजरे धपधपत होते. पोल्टूदा एका पिंजऱ्यापुढे उकिडवे बसले. मग खिडकीतून ओरडून त्यांनी ढाक थांबवला. हळूहळू पायही थांबले. "एरा तो भोय पाच्छे," ते स्वतःशीच म्हणाले. घाबरलेत की हे. मग माझ्याकडे वळले. "बारापर्यंत. एक मिनिट जास्त नाही."

घरी आईने विचारलं, "जेवत का नाहीस गं?" मी म्हटलं, उद्या जेवेन.

षष्ठीच्या सकाळी मी पोचले तर गल्लीच्या तोंडाशी पोल्टूदा स्वतः उभे. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला की त्याला झापत होते. मुलांना फटाक्यांसकट पलीकडे पिटाळलं होतं. मी नव्या सशांना शांत होऊ दिलं, सलाईन कोमट करून टोचलं आणि बसले. पहिला तास बरा गेला. मग भिंतीपलीकडून माइक खणखणला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," आणि लगेच कुणाला तरी दिलेल्या शिव्या ऐकू आल्या. माइक बंद झाला. एका सशाचा पारा जरासा चढला. माझा तर त्याहून जास्त चढला असेल. मुखर्जीबाबू दारात येऊन उभे होते, पण आत आले नाहीत. त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, आवाज नको म्हणून.

पारा उतरला. पुढच्या नोंदीच्या वेळी तिथेच राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही. बाकीच्या दोन सशांना तर काही झालंच नाही. बॅच पास.

मी स्टुलावर बसले ती बसलेच. इतकं हलकं वाटत होतं की हसावं की रडावं कळेना. मुखर्जीबाबूंनी ट्रक सोडायला सांगितलं. मग माझ्यापुढे येऊन म्हणाले, "तुम्ही काल हो म्हणाल्या असतात तरी हेच सलाईन गेलं असतं."

"हो, सर."

"पण मला झोप लागली नसती," ते म्हणाले आणि चपला घालायला गेले. पूजेनंतर कायम केल्याच्या कागदावर पहिली सही त्यांचीच होती.

पुढे मी क्वालिटी कंट्रोलमध्येच राहिले आणि नव्या फार्मसी पदवीधरांच्या बऱ्याच मुलाखती घेतल्या. प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला असायचा. टेस्ट फेल आली, चूक टेस्टमध्येच होती हे सापडलं, आता काय कराल? हुशार मुलं पटकन सांगायची, "बॅच पास करू." त्यांना चहा देऊन परत पाठवायचे. जो म्हणेल, "आता टेस्ट करू," त्याला कधीपासून येणार ते विचारायचे.