बेलापूरचा रुसलेला पाइप

नगरच्या स्टँडवर एसटी बदलली तेव्हा माझ्या पिशवीत इस्त्रीचा सदरा होता, आहेराचं पाकीट होतं आणि डोक्यात जरा जास्तच रुबाब होता. मी समुद्रातल्या गॅसच्या नळांवर काम करणारा माणूस. सोबत काम करणाऱ्या मित्राच्या बहिणीचं लग्न बेलापूरला होतं. नव्वदच्या दशकातला हिवाळा. खिडकीबाहेर ऊसच ऊस, आणि कारखान्याला निघालेल्या बैलगाड्यांमागे आमची गाडी रांगत होती.

लग्नघरी जयभीम झाला, चहा झाला आणि मित्राच्या मामांनी मला लगेच कामाला लावलं.

"तुमी गॅसवाले ना? चला. वत्सलाबाईंचं मशीन अडलंय. दुपारी लगीन लागलं की वऱ्हाडाला सोडा द्यायचाय."

वत्सलाबाई घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोटी सोड्याच्या बाटल्या भरत. "आमचे मालक जाऊन दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "लग्नाची ही पयलीच ऑर्डर हाय. ही चुकली की पुढच्या सगळ्या श्रीरामपूरला जात्यात."

सिलिंडरपासून मशीनपर्यंत गेलेला तांब्याचा पाइप पांढराफेक पडला होता. "रुसलाय," बाई म्हणाल्या. मामांनी तोवर पेटता स्टोव्ह आणलासुद्धा.

"मामा, आग नको," बाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय गं? बर्फ हाय, शेकला की वितळतोय."

तो नुसता बर्फ नव्हता. दाबाखालचा गॅस, ओल आणि गारठा एकत्र आले की पाणी गॅसला पोटात घेऊन घट्ट बसतं. आमच्या नळांतही हाच उपद्व्याप चालतो. एकाच जागी शेकलं, तर सुटलेला गॅस आत कोंडून नळ फोडतो. एकाच बाजूचा दाब सोडला, तर तो गोळा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. हे सगळं मी सावकाश, घोळवून घोळवून सांगितलं.

"सिलिंडर बंद करा. पाइपच्या दोन्ही टोकांना गॅस बाहेर सोडायच्या चाव्या आहेत, त्या हळूहळू उघडून दाब उतरवा आणि गप बसा. भोवतालच्या उबेनं तो आपोआप विरघळेल."

मामांनी निमूटपणे स्टोव्ह विझवला. गप बसणं मात्र त्यांना जमेना. दर मिनिटाला "झालं का?" बाईंनी चहा केला, शेंगदाणे-गूळ पुढे ठेवला. घड्याळात वीस मिनिटं झाली. मी ऐटीत उठलो, दोन्ही चाव्या बंद केल्या आणि सिलिंडर सोडायला हात घातला. तोच बाईंनी माझं मनगट धरलं.

"अजून न्हाई. हात लावून बघा की."

पाइप दोन्हीकडे कोमट लागत होता, पण मध्ये वीतभर तसाच गारठलेला. मी सिलिंडर सोडला असता, तर उरलेला गोळा थेट मशीनवर आदळला असता, आणि मशीनला खेटून बाई उभ्या होत्या. माझा रुबाब तिथंच उतरला. मी चाव्या पुन्हा उघडल्या.

थोड्या वेळानं आतून बारीक चुरचुर ऐकू आली. मग उघड्या चावीतून खाली ठेवलेल्या भांड्यात पाणी टपकलं. बाईंनी पाइपवरून दोनदा तळवा फिरवला आणि मान हलवली. मशीन चाललं. नवरा-नवरीवर फुलं पडत होती तेव्हा शेवटचं क्रेट मांडवात पोचलं. मामा भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या पावण्यांनी मशीन चालू केलं."

निघताना मी बाईंना विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मालकांनी. दोनी चाव्या सोडायच्या, च्या करायचा आन् हात लावून बघायचं. सकाळधरनं मामांना तेच सांगत हुते, ते चाव्यांना हातच लावू देईनात. पर माजं ऐकतंय कोन? तुमी बोलला, बरं झालं." त्या हसत होत्या. मला काही हसू आलं नाही.

परत आल्यावर महिनाभरात आमचा एक लहान नळ असाच तुंबला. साहेब घड्याळ बघून गॅस सोडणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं आणि नळावरून तळवा फिरवला. मध्ये अजून गार होतं.

"कुठं शिकलास रे हे?" साहेबांनी विचारलं.

"अनुभवानं," मी म्हणालो.

कुणाच्या, ते सांगितलं नाही. त्याची लाज अजून वाटते, म्हणून हे लिहायला बसलो.