काचेचे बेडूक

अख्ख्या खानदेशात बेडकाच्या हाडांवर जीव लावणारा माणूस एकच, आणि तो धुळ्याच्या कॉलेजात तीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसला. सगळे त्यांना नाना म्हणत. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्याला विचारत, "बेडकाला पाय कधी फुटतात, सांगा बरं?" शेजारी जिलबी अर्धी टाकून उठे. नानांचा खरा लाडका होता घाटातला एक नखाएवढा बेडूक. त्याची अंडी झुडपात, पाण्याबाहेर. त्यातून बेडूकमासा निघतच नाही, एकदम चार पायांचा बेडूक उडी मारतो. "भाऊ, याले शाळाच नही," नाना कौतुकाने सांगत, "बठ्ठा अभ्यास अंडामाच!"

त्या अंड्यात पायाचं हाड कितव्या दिवशी धरतं, हे त्यांना पाहायचं होतं. एका पावसाळ्यात त्यांनी घाटातून अंडी आणली आणि रोज एक याप्रमाणे बाटल्यांत जपून ठेवली. हिवाळ्यात ती इवली पिल्लं रंगवली: मऊ कूर्चा निळी, पक्कं हाड लाल. मग मांस काचेसारखं आरपार दिसावं म्हणून ती स्वतः तोललेल्या कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात घातली. नेमका त्या रविवारी दोंडाईचाला मुलीचा साखरपुडा. जाताना मला बजावलं, "दुपारी बाराला काढून ग्लिसरीनमध्ये टाक. विसरलास तर विरघळतील."

मी मान डोलावली आणि भरीत पार्टीला गेलो. शेतात कापसाच्या पऱ्हाटीवर हिरवी वांगी भाजत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या होत होत्या. बारा कधी वाजले, कळलंच नाही. सोमवारी बाटल्यांच्या तळाशी लाल-निळा चुरा होता.

"बाराला पाहिलं तेव्हाच विरघळलेली होती. पोटॅश जरा जास्त पडला का, नाना?" मीच विचारलं. नाना तराजूकडे बघत राहिले. मग वहीत लिहिलं, 'प्रमाण माझं चुकलं.' पुन्हा कधी ते घाटात गेले नाहीत. मुलांना मात्र दरवर्षी हसत सांगत, "माझा हात जड आहे. वजन तुम्ही करा."

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगून टाकलं. नानांनी आत जाऊन ती वही आणली आणि पेन माझ्या हातात दिलं. "खोड ते. खरं लिही."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग स्वतःचा उजवा हात उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

"म्हणजे हात बराबर व्हता," ते पुटपुटले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भरीत तरी चांगलं व्हतं का रे, भाऊ?"

"फार चांगलं होतं, नाना," मी म्हणालो. निदान आता तरी खरं बोलायचं होतं.