रक्तात न सापडलेली चक्कर

सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार दिनकर साळुंखे यांचा अपमान झाला तो गुढीपाडव्याच्या सकाळी, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गेटवर, सगळे नवे कपडे घालून खाली जमलेले असताना. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. वॉचमनच्या ड्यूटीवर असलेले साळुंखे दचकले, झोकांडले आणि चेअरमनच्या गाडीवर हात टेकून कसेबसे उभे राहिले.

"सकाळी सकाळीच घेतलीत?" चेअरमन म्हणाले. "तोंड उघडा."

साळुंख्यांनी उघडलं. सैन्यात हुकूम पाळायची सवय लागते. वास आला नाही, पण संशय राहिला. संशयाला वास लागत नाही.

हा माणूस दारूला शिवत नाही. नोकरीत असताना तो उखळी तोफ चालवायला शिकवायचा. तोफ उडते तेव्हा शिकवणारा शेजारीच असतो आणि दर वेळी हवेचा दणका त्याच्या डोक्याला बसतो. एकदा तर गोळा जवळच फुटला आणि साळुंखे थोडा वेळ बेशुद्ध पडले. डॉक्टरी भाषेत ही 'सौम्य' इजा. सौम्य कुणासाठी, ते कुणी सांगत नाही.

मी एका रिसर्च लॅबमध्ये काम करते. माजी सैनिकांचं रक्त घ्यायचं आणि त्यांना त्रास काय होतो ते विचारायचं, हे माझं काम. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हक्कांची पत्रकं वाटते. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगला साळुंख्यांबरोबर मीच गेले.

"अहो, विज्ञानाचा जमाना आहे," चेअरमन म्हणाले. "मेंदूला मार लागला असेल तर आता रक्तात दिसतं. रिपोर्ट आणा. त्यात काही नसेल तर गेटवर दुसरा माणूस."

"हे कुठे वाचलंत?"

"मोबाइलवर."

साळुंखे आमच्या प्रोजेक्टमध्ये आधीपासूनच होते. मी तडक आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. "मॅडम, त्यांचा बायोमार्कर सांगा. त्या माणसाच्या तोंडावर फेकते."

बायोमार्कर म्हणजे शरीरातल्या बिघाडाची खूण. मेंदूतल्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात झिरपतात. एक प्रथिन काही तासांत वाढतं आणि काही दिवसांत ओसरतं. दुसरं सावकाश वाढतं, महिनोन्‌महिने रेंगाळतं.

"त्यांचा आकडा मार न लागलेल्या माणसांसारखाच आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे इजा नाही?"

"म्हणजे आकड्यावरून कळत नाही. मार कितीतरी वर्षांपूर्वीचा. त्यातून हे रेंगाळणारं प्रथिन वयानेही वाढतं. खूप माणसांची तुलना करून आपण काही शिकतोय. एका माणसाचा निकाल त्यावर लावता येत नाही. पण मला दुसरंच कोडं पडलंय. हा माणूस खुर्चीवरून उठताना टेबल धरतो. मग चक्कर येत नाही असं तुला का सांगतो?"

खरंच की! मी डोकेदुखी, झोप, विसरभोळेपणा, सगळं विचारलं होतं. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "सब ठीक."

साळुंखे नवरा-बायको दोघांना बोलावून घेतलं. साळुंखे ताठ बसले. शेजारी त्यांच्या पत्नी, सुनंदाबाई.

"चक्कर येते का?" मी विचारलं.

"सब ठीक, ताई."

"नोकरीत असताना कधी डॉक्टरला सांगितलं होतं?"

"सांगून काय? मेडिकल कॅटेगरी उतरली असती. म्हणजे फिट नाही असा शिक्का. बढती गेली, शिकवणं गेलं."

तेव्हा कुठे मला उलगडलं. त्यांच्या लेखी मी तपासणीला बसलेली अधिकारीच होते. खरं सांगितलं की शिक्का. मॅडमच्याही ते लक्षात आलं. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. त्या म्हणाल्या, "उस्ताद, तुमच्या हाताखालचा जवान दुखणं लपवतोय, हे तुम्ही कसं ओळखायचात?"

साळुंखे खुलले. "सोप्पं हाय. तो जिना भिंतीला हात लावून चढतो. दिवा लावला की डोळे मिटतो. सांगितलेलं पुन्हा विचारतो, अन् आपण ओरडलो की आपल्यावरच खेकसतो. विचारलं तर म्हणतो, सब ठीक."

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या, "हे सगळं तुम्हीच करता की."

साळुंखे पत्नीकडे बघत राहिले. मग मॅडमना म्हणाले, "मग आता माझी कॅटेगरी?"

"इथे कॅटेगरी नाही. इथे उपचार."

दुसऱ्या दवाखान्यात त्यांची तोलाची तपासणी झाली: नजर स्थिर राहते का, डोळे मिटून सरळ चालता येतं का. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली होती. डोक्याच्या जुन्या इजेशी त्याचा संबंध असू शकतो, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. तोलाचे व्यायाम सुरू झाले. चक्कर कमी आहे, गेलेली नाही. डोकं अजूनही दुखतं. आता ते तसं सांगतात.

चेअरमननी चिठ्ठी दोनदा वाचली. "पण रक्तात काहीच नाही ना?"

"दारूही नाही," मी म्हणाले.

नोकरी राहिली. गेटवर बसायला खुर्ची आली. माफी आली नाही.

रक्तावरची तपासणी अजून शिकाऊ आहे. माणसाला नीट प्रश्न विचारायची पद्धत मात्र आजही हाताशी आहे, आणि तिला लॅब लागत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये उभे राहा आणि ठराव मांडा: गेटवरचा माणूस झोकांडला तर आधी खुर्ची, मग पाणी, मग डॉक्टर. कुणी त्याला तोंड उघडायला सांगितलं, तर त्या क्षणी तुम्ही तुमचं उघडा.