हळू बोला की!

"हळू बोला की!"

हे वाक्य मामा इतक्या मोठ्यानं ओरडायचे, की समोरच्या दुकानातला सायकलवालाही हातातला पान्हा खाली ठेवून गप्प बसायचा. आमच्या संस्थेत येणाऱ्याचं स्वागत बहुधा असंच व्हायचं.

संस्था म्हणजे मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या. ज्यांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी. बाहेरच्या खोलीत फोन आणि फोनपाशी मामा. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. फोन घेणं, आलेल्याला बसवणं आणि त्याच्या घरच्यांना दम देणं ही मामांची कामं. पहिली दोन पगाराची, तिसरं आवडीचं.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्या कोल्हापुरात साधी विचारपूससुद्धा भांडण काढल्यासारखी होते. त्यात म्हातारीला कमी ऐकू येतं म्हटल्यावर घरचे तिच्या कानाशी तोंड नेऊन बोंब मारतात. कानाचं मशीन आणलं तरी बोंब तीच. मशीन ती दुप्पट करून आत पाठवतं, म्हातारी वैतागून मशीन फडताळात टाकते, आणि आमच्याकडे तक्रार येते की मशीन बाद निघालं.

"मशीन बाद न्हाय, तुमचं तोंड बाद हाय," मामा सांगायचे. "म्होरं बसा, सावकाश बोला. म्हातारी काय पंचगंगेच्या पल्याड बसलीया व्हय?"

कसबा बावड्याचे एक आजोबा मशीन लावायलाच तयार नव्हते. तेव्हाचं मशीन शर्टाच्या खिशात ठेवायचं असे आणि त्याची वायर कानापर्यंत जाई. लोक म्हणतील म्हातारा रेडिओ ऐकत फिरतोय, ही आजोबांची अडचण. मामा म्हणाले, "चष्म्याची लाज न्हाय, कवळीची लाज न्हाय, कानाचीच बरी लाज! इचारलं कुणी तर सांगा, गुळाचा भाव ऐकालोय." आजोबा मशीन लावूनच घरी गेले.

मामा माणसं चपलेवरून ओळखत. माझ्या डाव्या चपलेची करकर दारात वाजली की आतून "या बाई" यायचंच. एके सकाळी मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले, तरी काही नाही. मग त्यांना कुणीतरी असल्याचं जाणवलं असावं. म्हणाले, "कोण पावणं?"

"मी आहे, मामा."

"व्हय व्हय. थट्टा केली."

मामांच्या थट्टा मला माहीत होत्या. ही थट्टा नव्हती.

त्याच आठवड्यात मलकापूरहून कुणाचा तरी फोन आला. काय म्हणत होते, मी विचारलं. "चहाला येऊ का म्हणत हुता. म्हटलं ये की, त्यात काय इचारतोस!" दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ आईला घेऊन बरोबर दहाला हजर. त्यानं विचारलं होतं, दहाला येऊ का. त्याला चहा मिळाला. डॉक्टर मिळाले नाहीत. ते तीनला यायचे.

मी मामांना म्हटलं, "तुमचे कान तपासून घेऊ."

"माझं कान खणखणीत हाईत. तुमीच सगळी पुटपुटालाय."

"चष्म्याची लाज नाही, कवळीची लाज नाही..."

"बाई, गप बसा."

थोडा वेळ ते फोनच्या वायरीशी चाळा करत राहिले. "लाज न्हाय ओ. भ्या वाटतंय. डोळं गेलं, कानावर निभावलं. कान बी गेलं तर माझ्यापतोर यायला वाटच उरत न्हाय कुणाला. तपासलंच न्हाय तर निदान कळणार तरी न्हाय."

मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यातली कान तपासायची खोली सगळ्यांनी पाहिलेली नसते. दार जाड, भिंतींना आतून गादीसारखं अस्तर. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही म्हणून. मी मामांना खुर्चीवर बसवलं आणि शेजारी उभी राहिले. तपासणाऱ्या मुलीनं बाहेरून दार लावलं. रस्ता, पंखा, बाकावर रडणारं पोर, सगळं एकदम तुटलं.

मामांनी माझं मनगट धरलं.

"गेलं. बाई, आत्ता गेलं. समदं गेलं."

"काही गेलं नाही. ही खोलीच अशी आहे. मलाही बाहेरचं काही ऐकू येत नाही."

मामांनी मान माझ्याकडे वळवली. "आत्ता तुमी बोलला न्हवं?"

"हो."

"ते आलं की ऐकू!"

"मग? दार बंद झालंय मामा, कान नाही."

मामा असे हसले की काय झालं म्हणून त्या मुलीनं दार उघडलं. त्यांच्या बोटांचे वळ माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होते.

कान उतरले होते, पण वयानं उतरतात तितपतच. मशीननं भागणार होतं. ते आलं तेव्हा मीच वायर लावली आणि बटण फिरवलं. खोलीत चारदोन माणसं बोलत होती. मामा सवयीनं ओरडले, "हळू बोला की!" आणि दचकून खुर्चीत मागे सरकले.

"कोण वरडालंय हे?"

"तुम्ही."

"मी? रोज?"

"रोज."

"आणि कोण बोललं न्हाय मला?"

"बोललो की. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्यानंतर मामा खालच्या आवाजात बोलू लागले. दोन दिवसांनी सायकलवाला येऊन विचारून गेला, मामा आजारी आहेत काय. मलकापूरचा गृहस्थ पुन्हा आला, आणि या वेळी तीनला आला.

पुढे मामा भावाकडे कुरुंदवाडला राहायला गेले. त्यांच्या जागी आता एक मुलगी बसते. कामाला चोख आहे. दम देणं मात्र तिला जमत नाही, ते मी बघते.

परवा दसऱ्याला मामांचा फोन आला. आवाज इतका हळू की मला वाटलं लाइन खराब आहे. मी जोरात ओरडले, "मामा, कसे आहात? ऐकू येतंय का?" बाहेरच्या बाकावरची माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली.

"बाई," तिकडून सावकाश आवाज आला, "हळू बोला की. पोचताय तुमी माझ्यापतोर."