पर्मनंट कधी करतात

काल ओपीडीत आलेल्या एका कामगाराच्या शर्टाला मशीनवरच्या कूलंटचा, त्या तेलकट पाण्याचा वास होता आणि मला परदेशी मेडिकल प्रवेशाचं चिंचवडमधलं ते ऑफिस आठवलं. पप्पा चाकणहून फर्स्ट शिफ्ट संपवून तसेच, त्याच वासाच्या शर्टात आले होते. तिथल्या मॅडम सहा वर्षांचा कोर्स समजावत बर्फातल्या हॉस्टेलचे फोटो दाखवत होत्या. कंपनीत कितीतरी वर्षं टेम्पररी राहिलेल्या पप्पांनी विचारलं, "सहा वर्षांनी पर्मनंट करतात ना?" मॅडम म्हणाल्या, "काका, तिथं फक्त डिग्री मिळते. परत आल्यावर इथली परीक्षा द्यायची." "म्हणजे तोवर ट्रेनीच?" पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी माहितीपत्रक उलटून बघितलं. ती परीक्षा मी पास झाले, आता इंटर्नशिप चालू आहे. परवा पप्पांनी विचारलं, "झालीस का गं पर्मनंट?" गळ्यात स्टेथोस्कोप होता, तरी हो म्हणता येईना.