शिपायाची पत्रं टाइप करणाऱ्या बाई

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत मी लॅपटॉप घेऊन काम करायचो, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्या सत्तरीच्या अमेरिकन बाई बसायच्या. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धातल्या एका साध्या शिपायाची पत्रं त्या लायब्ररीसाठी टाइप करत. अक्षर लागलं नाही की चष्मा कपाळावर सरकवून कागद पार नाकाशी धरत.

“लढाईबद्दल काय लिहितो?” मी एकदा विचारलं.

“फारसं काही नाही. पाय भिजलेत, आई, मोजे पाठव, गाय व्याली का?” त्या हसल्या.

मार्चमधल्या एका दुपारी त्यांनी एक पत्र संपवलं आणि फाइल मिटली. पुढचं पत्र त्याच्या सार्जंटनं त्याच्या आईला लिहिलेलं होतं.

“हे आज नको,” त्या म्हणाल्या. “आजचा दिवस त्याला जगू दे.”

मग कोट घालता घालता त्यांनी विचारलं, “उद्या जरा जवळ बसशील?”

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. सार्जंटचं पत्र जेमतेम आठ ओळींचं होतं. ते टाइप करायला त्यांना अख्खी दुपार लागली.