आरशातला पिवळा दिवा

चौदा वर्षं मी आमच्या शहरातल्या लश्कर भागात गाडी चालवली, पण हायवेवर कधी नाही. दाना ओली या गल्लीतल्या घरापासून शाळेत शिकवायला जाणं, खासगी बाजार नावाच्या पेठेतून किराणा आणणं, एवढंच. झाशीला जायचं असलं की हायवेला मिळणाऱ्या सर्व्हिस रोडवर मी गाडी बाजूला घ्यायची, उतरायची आणि पुढे यजमान चालवायचे. भरधाव गाड्यांच्या मधे आपली गाडी घालायची, हे मला कधी जमेल असं वाटतच नव्हतं.

गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. तिच्या बाहेरच्या आरशांत एकेक छोटा पिवळा दिवा आहे. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात दुसरी गाडी असली की तो पेटतो, आणि तरीही तुम्ही त्या बाजूचं इंडिकेटर दिलंत तर टूं-टूं वाजतं. खासगी बाजारात स्कूटर आणि ई-रिक्शांमुळे ते इतकं वाजलं की ह्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळं बंद करून टाकलं. म्हणाले, "तीस साल से गाडी चालवतोय मी. आता ही मला शिकवणार?"

मग पाण्याची टाकी बघायला हे गच्चीवर चढले, पाय घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं. चार दिवसांवर झाशीला माझ्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं. मी म्हटलं, बसने जाऊ. आमच्याकडे राहणाऱ्या ह्यांच्या आत्या म्हणाल्या, "माझ्याच्याने बसमधे चढवत नाही. तूच चालव की."

"हायवेवर मला नाही जमत, आत्या."

"कधी करून पाहिलंस?"

पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसले आणि तो दिवा परत चालू केला.

बारशाच्या दिवशी सकाळी निघालो. शेजारी हे, मागे आत्या. सर्व्हिस रोड संपत आला तसा मी वेग कमी केला आणि उजवं इंडिकेटर दिलं. ह्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

"निकाल गाडी. रस्ता खाली आहे." निकाल म्हणजे काढ, खाली म्हणजे मोकळा, आमच्याकडचं मराठी असंच.

मलाही आरशात काही दिसत नव्हतं. पण पिवळा दिवा पेटला होता आणि टूं-टूं चालू होतं.

"अगं, निकाल ना."

"दिवा लागलाय," मी म्हटलं आणि ब्रेक दाबला.

माझ्या खांद्याच्या अगदी मागून एक ट्रक निघाला आणि हॉर्न देत पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने आमची गाडी हलली. मग मागून आत्या शांतपणे म्हणाल्या, "आता विझला बघ."

मी आरशात पाहिलं, मान वळवूनही पाहिलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हायवेवर आली. मागचा टेम्पो आपल्या अंतरावर राहिला, पुढची बस आपल्या वाटेने चालली होती. एवढंच असतं हे, असं वाटून मला हसूच आलं.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मला नव्हता दिसला तो ट्रक."

"मलाही नाही," मी म्हटलं.

दतियाच्या अलीकडे एक मोटरसायकलवाला उलट्या बाजूने समोर आला. दिवा अर्थातच लागला नाही, त्याला फक्त बाजूचं आणि मागचं कळतं. "सामने देख," हे म्हणाले आणि मी वेळेवर डावीकडे सरकले. या खेपेला ह्यांचं बरोबर होतं आणि मी तसं सांगितलं. ते खूश झाले.

झाशीला पोचलो तेव्हा बहीण फाटकातच उभी होती. ह्यांचा प्लास्टरमधला हात पाहून तिने विचारलं, "मग ड्रायव्हर कुठून आणलात?"

"घरचीच आहे," आत्या म्हणाल्या आणि माझ्या हाताला धरून उतरल्या.

बाळाला पाळण्यात घातलं, गाणी झाली. जेवणात मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. दुपारी निघताना ह्यांनी डाव्या हाताने माझ्यासाठी दार उघडलं, आणि अंधार पडायच्या आत आम्ही घरी आलो.